सॅल्मनला गाईड कोण लावतो?

आमचे साडू तात्या स्वतःचे केस स्वतः कापतात. पुढचे कापले तर एक वेळ समजू शकतो, पण हा गृहस्थ मागचेही कापतो. बेसिनच्या आरशाकडं पाठ करून उभे राहतात, डाव्या हातात दाढीचा आरसा धरतात आणि उजव्या हातानं अंदाजपंचे कात्री चालवतात. मागून बघितलं की ऊस तोडून नेलेल्या फडासारखं दिसतं, कुठं खुंट राहिलेत, कुठं माती दिसतेय. गल्लीच्या तोंडालाच सलून आहे. तात्या समोरून गेले की तो सलूनवाला बिचारा दुसरीकडं तोंड करून उभा राहतो.

मी एकदा न राहवून विचारलं, की तात्या, एवढा जिवाला त्रास कशासाठी? तर मलाच वेड्यात काढल्यासारखे हसले.

"पावणं, केसाला माणूस कशाला लावायचा?"

हे एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तात्या म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे मंद्रूपकडचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि सोलापुरात आमच्या पलीकडच्या गल्लीत घर बांधून राहिले. पलीकडच्या गल्लीत साडू राहणं म्हणजे काय, हे ज्याला भोगावं लागलंय त्यालाच कळेल. माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. आठवडाभर गिऱ्हाइकांशी डोकं लावायचं आणि रविवारी जरा पाय पसरावेत म्हटलं, की दारात तात्या. हातात पाना, नाहीतर करवत.

घराची नळजोडणी त्यांनी स्वतः केली आहे. बाथरूममधला नळ सोडला की स्वयंपाकघरात पाणी येतं. स्वयंपाकघरातला सोडला तर कुठंच येत नाही. अक्का आंघोळीला जाताना आधी ओट्याखाली बादली ठेवते आणि मगच जाते. तात्यांना यात काही वावगं वाटत नाही. कालव्याला पाळीनं पाणी सोडतात तसं ते त्याला 'आवर्तन' म्हणतात. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं म्हणजे झालं, मग ते कुठून का जाईना. घरातला सत्यनारायणही त्यांनी भटजीशिवाय केला. पोथी स्वतःच वाचली, आणि चौथ्या अध्यायात पान चिकटलेलं असल्यामुळं साधुवाण्याची नाव आमच्याकडं कधी किनाऱ्याला लागलीच नाही. आम्ही मुकाट्यानं प्रसाद खाऊन घरी आलो.

आणि गाईडचं म्हणाल तर विजापूरची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही दोन्ही कुटुंबं गोलघुमट बघायला गेलो होतो. दारातच एक गाईड पुढं आला, चांगला गळ्यात ओळखपत्र घातलेला सभ्य माणूस. तात्यांनी त्याला हातानंच बाजूला केलं आणि स्वतः माहिती सांगायला सुरुवात केली. आवाज मुळातच कालव्याच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावा असा, त्यात वर तो घुमट. म्हणाले, हा घुमट बादशानं ज्वारी साठवायला बांधला. वरच्या भोकातून ज्वारी ओतायची, खालच्या दारातून काढायची. कोण कुठलं एक लातूरचं कुटुंब मागं उभं राहून ऐकत होतं. ते सगळा वेळ आमच्याबरोबर फिरलं आणि जाताना त्यातल्या आजोबांनी तात्यांच्या हातात बक्षिसी ठेवली. परतीच्या वाटेवर तात्या तोंड फुगवून बसले होते आणि आम्ही सगळे खिडकीतून बाहेर बघत होतो.

गंमत म्हणजे हे खूळ पहिल्यापासूनचं नाही. अक्का सांगते, नोकरीत असताना हा माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घेत नव्हता. कालव्यावरची वसाहत, हाताखाली पाणी सोडणारे पाटकरी, चौकीदार, शिपाई. भाजी आणायला माणूस, दळणाला माणूस. निवृत्त झाले, सोलापुरात आले आणि काय फिरलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवसापासून माणूस नको म्हणजे नकोच.

तर अशा माणसाला त्याच्या मुलानं मासे धरायला बोलावलं.

महेश म्हणजे तात्यांचा एकुलता एक. कॅनडात असतो, पश्चिमेच्या किनाऱ्याकडं. बरीच वर्षं झाली. तात्या आणि अक्का पहिल्यांदाच त्याच्याकडं जाणार होते, व्हिसा आला होता, बॅगा कोणत्या न्यायच्या यावर भांडणंही झाली होती. महेशनं फोनवर सांगितलं की भाद्रपदाच्या सुमाराला तिथल्या नद्यांमध्ये सॅल्मन नावाचा मासा येतो, तात्या, आपण दोघं एक दिवस मासे धरायला जाऊ. मी गाईड ठरवतो. तो बोट आणतो, जागा दाखवतो, सगळं करतो.

तात्या म्हणाले, मासे धरायला येतो, गाईड नको.

झालं. तिथून पुढं उन्हाळाभर दोन्ही घरांत दुसरा विषय नाही. महेश तिकडून कारणं सांगायचा आणि तात्या इकडून उडवून लावायचे, आणि दर वेळी साक्षीला मी. महेश म्हणाला, तिथं मासे धरायला परवाना लागतो. तात्या म्हणाले, लागंल की, आपल्याकडं कालव्याच्या पाण्याला सात नंबरचा अर्ज भरावा लागतोच, मी आयुष्यभर शेतकऱ्यांचे अर्ज तपासलेत, माझा मी भरीन. महेश म्हणाला, तात्या, नदीकाठी अस्वलं येतात, माहीतगार माणूस बरोबर असलेला बरा. यावर तात्या मनापासून हसले. लहानपणी मंद्रूपच्या बाजारात दरवेशी अस्वल घेऊन यायचा, त्याच्या पाठीवर आपण बसलेलो आहोत, नाकात वेसण असते, ते काही करत नाही, असं त्यांनी पोराला समजावून सांगितलं. पलीकडं महेश किती तरी वेळ बोललाच नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग एकदा महेशनं चूक केली. सॅल्मनची माहिती सांगत बसला. हा मासा नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जातो, तिथं वाढतो आणि काही वर्षांनी शेकडो कोस पोहून बरोबर आपल्याच नदीत परत येतो. तात्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मला एक सांग," ते म्हणाले, "त्या सॅल्मनला गाईड कोण लावतो?"

त्या दिवसापासून हा त्यांचा हुकमाचा एक्का झाला. भाजीवाल्याला सांगितला, दूधवाल्याला सांगितला, माझ्या दुकानात येऊन चादर बघणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितला. गिऱ्हाईक चादर न घेता गेलं.

बरं, गाईड नको म्हणजे स्वतःला काही येतं म्हणावं, तर तेही नाही. सगळी हयात पाण्याच्या काठावर काढलेल्या या माणसानं आयुष्यात एक मासा धरलेला नाही. म्हणून सराव सुरू झाला. बांबूची काठी आणली, शेजारच्या पद्मक्कांच्या मागावरची जुनी दोऱ्याची बॉबिन मागून आणून तिचं रीळ केलं, आणि भर एप्रिलमध्ये, ऊन चढायच्या आत, गच्चीवर गळ फेकायला सुरुवात केली. गच्चीवर एक निळी चादर अंथरायची, ती नदी. चादर माझ्याच दुकानातली, हे सांगायला नको. चादरीवर पितळेची परात, तो मासा. आणि परातीत गळ पडला की नाही हे बघायला पलीकडच्या कठड्याला मी. गळ परातीत कधीच पडला नाही. एकदा माझ्या बनियनमध्ये अडकला आणि एकदा थेट शेजारच्या गच्चीवर गेला. तिथं पद्मक्कांनी साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तात्यांना वाटलं, मोठं काहीतरी लागलं. त्यांनी जोर करून रीळ फिरवलं आणि कुरडयांसकट अख्खी साडी कठड्यापर्यंत ओढत आणली. पद्मक्का वर आल्या आणि तेलुगूत बोलायला लागल्या. मला तेलुगू येत नाही, पण त्या दिवशी सगळं कळलं.

गच्ची बंद झाली, म्हणून गावाबाहेरचा हिप्परग्याचा तलाव. दर रविवारी पहाटे स्कूटरवर मी पुढं, मागं तात्या, त्यांच्या हातात ती लांबलचक काठी. तुळजापूर रस्त्यावरचे ट्रकवाले आमच्याकडं बघत जायचे. तलावाच्या काठावर उकिडवं बसायचं आणि वाट बघायची. आमिषाला तात्यांनी कणकेत शेंगाचटणी मळून गोळ्या केल्या होत्या. आपल्या चटणीचा वास नाकात गेला की मासा मुकाट्यानं येणार, अशी त्यांची खात्री. मी हे महेशच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, काका, परत फिरलेला सॅल्मन नदीत काही खातच नाही. तात्यांनी तेही ऐकून घेतलं.

"आजवर चटणी दिली नसंल कुणी," ते म्हणाले.

हिप्परग्याच्या माशांना मात्र चटणी नको होती. एखादी बारकी चिलापीसुद्धा फिरकली नाही. तिथले मासेमार जाळं आवरून जाताना सांगून जायचे, मामा, गोळी लई मोठी हाय, दोरा जाड हाय. तात्या मान डोलवायचे आणि तसंच बसायचे. ऊन वर आलं की आम्ही उरलेल्या गोळ्या पाण्यात टाकून, कडक भाकरी खाऊन परत यायचो. माझी मान, कंबर आणि रविवार, तिन्हीची वाट लागली होती.

शेवटी महेशचाही धीर सुटला. त्यानं अक्काला निर्वाणीचं सांगितलं. चांगले गाईड आधीच ठरून जातात, येत्या रविवारी मला हो किंवा नाही कळवा. तात्या ऐकणार नसतील तर मासेमारी रद्द. मग सगळेच मिळून बसच्या सहलीनं धबधबा बघून येऊ.

अक्का रडकुंडीला आली. तात्यांना दोन्ही गोष्टी एकदम हव्या होत्या, पोराबरोबरची मासेमारीही हवी होती आणि गाईडही नको होता, आणि यात ती मासेमारीच हातची जाणार हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. अक्कानं माझ्या बायकोला गाठलं, बायकोनं मला. तुम्ही सांगा, साडूचं साडू ऐकतो. मी म्हणालो, कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण माझंही डोकं फिरलं होतं. हा विषय एकदाचा संपावा म्हणून मी त्यांना पालखीत घालून कॅनडाला पोचवायलाही तयार होतो.

रविवारी महेशचा फोन यायच्या आधी आम्ही नेहमीसारखे तलावावर गेलो. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी गोडीनं सांगायचं आणि नाही ऐकलं तर झाडायचं. गळ पाण्यात पडल्याबरोबर मी सुरुवात केली. गोडीचा भाग फार लवकर संपला. मी म्हणालो, तात्या, तुमचा हट्ट आता फार झाला. परका देश, परकी नदी, तुम्हाला ओ की ठो कळत नाही. पोरगं एवढ्या हौसेनं नेतंय आणि तुम्ही त्याच्या हौसेवर पाणी घालताय. त्या गाईडनं तुमचं काय घोडं मारलंय? एक दिवस माणूस लावला तर काय बिघडेल?

तात्या नेहमीसारखे उसळले नाहीत.  त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"पावणं, नोकरीत मला माणसं लई हुती," ते म्हणाले. "म्हेशाला शाळंत सोडायला माणूस, आणायला माणूस. पाण्याची पाळी सुटली की मी कॅनॉलवर. पंधरा-पंधरा दिस पोराचं तोंड दिसायचं न्हाय. त्याला पवायला नागूनं शिकवलं, माज्या हाताखालचा पाटकरी. सायकल बी नागूनंच. मला वाटायचं, बरं हाय, पोराचं काय अडत न्हाय."

मी त्यांच्याकडं वळून बसलो.

"एकदा त्याला मासा गावला. पयलाच. बोटाएवढी चिलापी. मी नेमका घरी हुतो त्या दिवशी, दारातच हुबा हुतो. पोरगं मासा घिऊन पळत आलं आन् माज्या म्होरनं तसंच पळत म्हागं कॅनॉलच्या चौकीवर गेलं, नागूला दावायला."

त्यांनी हातानं दाखवलं, किती जवळून गेला ते. अगदी हाताच्या अंतरावरून.

"त्याची चूक न्हाय की," ते म्हणाले. "ज्यानं शिकवलं त्यालाच दावणार. आता तितं गाईड आला, त्यानं जागा दावली, गळ टाकून दिला, आन् मासा गावला, तर पोरगं कुणाकडं बगून हसंल? त्याच्याकडंच. मी पुन्ना दारातच."

 इतके महिने मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवलं आणि फार वाईट वाटलं. तात्यांनी काठी उचलली, दोरा गुंडाळला आणि चला म्हणाले, फोन यायची वेळ झाली. 

घरी अक्का आणि माझी बायको वाटच बघत होत्या. अक्कानं मला डोळ्यांनी विचारलं, झालं का काम? मी चष्मा पुसायला लागलो. तेवढ्यात महेशचा व्हिडिओ कॉल आला. तात्यांनी फोन तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला. महेश दमलेला दिसत होता. त्यानं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही, म्हणाला, काका, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? मग गाईड ठरवून टाकू ना?

"महेश," मी म्हणालो, "गाईड नको."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की यंदाच्या पुरणपोळीवर पाणी सोडलेलं बरं, हे मला तिथंच कळलं. बायकोनं तर टेबलाखालून चिमटाच काढला. महेशला वाटलं मी थट्टा करतोय. मग तो कळवळून सांगायला लागला, की मला त्या नदीची काही माहिती नाही, मी स्वतः तिथं एकदाही मासा धरलेला नाही, ऑफिस आणि घर यापलीकडं मला तरी काय येतं. थंडी असेल, पाऊस असेल. मग तो तात्यांकडं वळला.

"तात्या, एकही मासा मिळणार नाही. दिवसभर आपण दोघं नुसते बसून राहू."

"मंग बसू की," तात्या म्हणाले.

 महेश फोनच्या आणखी जवळ सरकला. त्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसला, असं मला वाटलं.

"तुम्ही बसाल?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुम्ही कधी बसलाय, तात्या?"

"न्हाय बसलो," तात्या म्हणाले. "म्हनून तर म्हनतो."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. या वेळी रेंज गेली असं मला वाटलं नाही. मग महेश बरं म्हणाला. नदीकाठी बसायला घडीच्या खुर्च्या घेतो म्हणाला. गुडघ्यापर्यंतचे बूट लागतील, तात्या, तुमच्या पायाचं माप किती? तात्यांनी पाय वर उचलून फोनपुढं धरला. महेश हसला, आणि तात्या त्याला बॉबिनच्या रिळाचं सांगायला लागले, मग चटणीचं, मग कुरडयांचं. तात्या फोनवर एवढं बोलताना मला कधी दिसले नव्हते. एरवी पोराचा फोन आला की, बरा हाईस का, जेवलास का, आईला देतो, एवढ्यावर त्यांचं संपायचं.

अक्कानं सवयीनं फोनसाठी हात पुढं केला. तात्यांनी दिला नाही.